सेडान की एसयूव्ही? मागच्या सीटचं माप टेपने घ्या

गाडी बाहेरून उंच दिसली की आतही ऐसपैस असणार, असं आपण धरूनच चालतो. आकडे मात्र वेगळंच सांगतात. स्कोडाची स्लाव्हिया ही सेडान आणि कुशाक ही एसयूव्ही एकाच प्लॅटफॉर्मवर, म्हणजे एकाच मूळ सांगाड्यावर, बांधलेल्या आहेत. दोघींचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर, तंतोतंत सारखं: २६५१ मिमी. ह्युंदाईकडे २०२३ मध्ये आलेल्या व्हर्नाचा व्हीलबेस २६७० मिमी आणि क्रेटाचा २६१०, म्हणजे सेडानच सहा सेंटिमीटरने लांब. होंडाकडे पुन्हा उलट: सिटी २६०० आणि एलिव्हेट २६५०. पाय पसरायला मिळणारी जागा बरीचशी याच अंतरातून निघते, त्यामुळे ‘एसयूव्ही म्हणजे मोकळी गाडी’ हे समीकरण पहिल्याच पायरीवर डळमळतं.

उंचीचंही तेच. व्हर्ना १४७५ मिमी, क्रेटा १६३५. हे सोळा सेंटिमीटर डोक्यावर मिळणार असं वाटतं, पण त्यातला मोठा वाटा गाडी रस्त्यापासून वर उचलण्यात आणि सीट वर नेण्यातच जातो. डोक्यावर किती उरलं ते बसल्याशिवाय कळत नाही. ब्रोशरमध्ये लांबी, रुंदी, उंची, व्हीलबेस आणि डिकीचे लिटर एवढंच असतं. ज्या सीटवर तुमचे आईवडील पाच-सहा तास बसणार आहेत, तिचं माप त्यात सहसा सापडत नाही. ते स्वतःच घ्यावं लागतं, आणि दोन गाड्यांची मापं घ्यायला एक सकाळ पुरते.

जाताना काय न्यायचं

पाच मीटरची स्टीलची टेप, एक वही, आणि ज्यांच्यासाठी गाडी घेताय ती माणसं. शेवटची गोष्ट सगळ्यात जास्त वेळा घरी राहते. नवरा-बायको दोघंच शोरूमला जातात, पुढच्या दोन सीटवर बसून बघतात, स्क्रीन केवढा आहे त्याची चर्चा करतात आणि बुकिंग करून येतात. गाडी घरी आल्यावर मग आजींना कळतं की त्यांना त्यात चढताच येत नाही.

बाळाची सीट वापरत असाल तर ती न्या. प्रवासाला नेहमी काढता ती मोठी बॅगही न्या. सोसायटीत जागा अरुंद असेल तर शेजारची गाडी उभी असताना तुमचा दरवाजा किती उघडेल ते आधी मोजून ठेवा. शनिवार-रविवार टाळा, गर्दीच्या दिवशी एका गाडीत दहा मिनिटंसुद्धा शांतपणे बसू देत नाहीत. शक्यतो दोन्ही गाड्या एकाच दिवशी बघा. आठ दिवसांच्या अंतराने बघितलेल्या दोन सीटची तुलना डोक्यात नीट होत नाही. आणि डिस्प्लेच्या गाडीत सीटवर प्लास्टिक असेल तर ते काढायला सांगा. प्लास्टिकवर माणूस पुढे घसरतो, मग चांगली सीटही वाईट वाटते.

आधी पुढची सीट लावा, मगच मागे बसा

मागची जागा पुढच्या सीटवर अवलंबून असते, त्यामुळे पुढची सीट दोन्ही गाड्यांत एकाच रीतीने लावली नाही तर पुढची सगळी मोजमापं फुकट. घरात जो जास्त गाडी चालवतो त्याने बसावं. पाठ सीटला पूर्ण टेकलेली हवी. ब्रेक, आणि मॅन्युअल गाडी असेल तर क्लच, तळाशी दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. हात सरळ केल्यावर मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे आणि तसं करताना खांदे सीटपासून सुटता कामा नयेत. सीटची उंची अशी ठेवा की डोकं आणि छत यांच्यात चार बोटं राहतील आणि बॉनेटची कड दिसेल. डावीकडची सीटही त्यावर बसणाऱ्याच्या मापाने लावा.

आता त्याच माणसाने उतरून स्वतःच्याच सीटच्या मागे बसायचं. स्वतःमागे स्वतः बसून बघणं ही साधी कसोटी आहे, पण ब्रोशरमधल्या कोणत्याही आकड्यापेक्षा ती जास्त सांगते. सेल्समन मागचा दरवाजा उघडण्याआधी पुढची सीट हळूच पुढे सारतात, त्यावर लक्ष असू द्या. सारली तर निमूटपणे पुन्हा मागे घ्या.

मागच्या सीटची मापं

पहिलं माप गुडघ्यांचं. मागच्या सीटच्या पाठीपासून पुढच्या सीटच्या पाठीपर्यंत, गुडघ्याच्या उंचीवर, टेप आडवी धरा. मध्यम उंचीच्या माणसाला बसल्यावर कमरेच्या मागच्या बाजूपासून गुडघ्यापर्यंत साधारण ५५ ते ६० सेंमी लागतात. टेपवर ६२-६३ आले तर गुडघा पुढच्या सीटला घासणार. ६८ ते ७० मध्ये निवांत बसता येतं. ७५ च्या पुढचे सेंटिमीटर बघायला छान वाटतात, पण बसणाऱ्याच्या सुखात फारशी भर घालत नाहीत. तिथे वाढवलेली जागा बहुतेक वेळा सीटच्या गादीची लांबी कमी करून काढलेली असते, म्हणून पुढची दोन मापं घेतल्याशिवाय या आकड्यावर खूश होऊ नका.

दुसरं माप कोणी घेत नाही, आणि लांबच्या प्रवासात पाठ, कंबर, मांड्या दुखणार की नाही हे बरंचसं त्यावरच ठरतं: गाडीच्या तळापासून सीटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची. गादी हाताने थोडी दाबून मोजा. ३४ ते ३८ सेंमी असेल तर खुर्चीवर बसल्यासारखी बैठक होते आणि मांडी पूर्ण टेकते. ३० च्या खाली गेलं की पाटावर बसल्यासारखे गुडघे वर येतात, मांड्या हवेत राहतात आणि सगळं वजन माकडहाडावर पडतं. पहिला अर्धा तास काही जाणवत नाही. दोन तासांनी माणूस चुळबुळ करायला लागतो आणि दोष रस्त्याला देतो.

इथेच उंच गाड्या फसवतात. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, बोलेरो या गाड्या शिडीसारख्या लोखंडी चौकटीवर बांधलेल्या आहेत. चौकट खाली असल्याने गाडीचा तळ वर येतो, आणि छताला मर्यादा असल्याने तळ आणि सीट यांच्यातली उंची कमी करावी लागते. बाहेरून बघणाऱ्याला डोंगराएवढी गाडी दिसते, आत मागचा माणूस गुडघे वर करून बसलेला. हा त्रास दुसऱ्या रांगेत थोडा आणि तिसऱ्या रांगेत जास्त असतो. पेट्रोल-डिझेलच्या गाडीवरून बेतलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांतही तळाखाली बॅटरी आल्यामुळे असंच होऊ शकतं. एखादं मॉडेल पेट्रोल आणि इलेक्ट्रिक अशा दोन्ही रूपांत मिळत असेल तर दोन्हींच्या मागच्या सीटवर पाठोपाठ बसा. दोन-तीन सेंटिमीटरचा फरकही मांडीला कळतो.

टेप नसेल तर हाताने तपासा. पाठ टेकून, पाय नेहमीसारखे खाली ठेवून बसा आणि गुडघ्याजवळ मांडीखाली तळहात घाला. बोटं अडकली तर आधार आहे. मनगटापर्यंत हात सहज आत गेला तर नाही.

तिसरं माप गादीच्या लांबीचं, पाठीपासून पुढच्या कडेपर्यंत. ४६ ते ४८ सेंमी बहुतेकांना चालतं. उंच माणसाला ५० बरं वाटतं, पण पाच फुटांच्या आत उंची असलेल्या बाईला तीच गादी त्रास देते: कड पोटरीला लागते, म्हणून त्या पुढे सरकून बसतात आणि कमरेमागे पोकळी राहते. गादीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन-तीन बोटं राहिली म्हणजे जमलं. घरात सहा फुटी मुलगा आणि पावणेपाच फुटी आई असेल तर सीट आईच्या मापाने निवडावी. मुलगा जुळवून घेऊ शकतो, आईला ते जमत नाही.

पायाची बोटं पुढच्या सीटखाली जातात का तेही बघा. पुढची सीट अगदी खाली घेतली की कित्येक गाड्यांत ही फट बुजते. पुढच्याने सीट खाली घेतलेली असतानाच मागे पाय घालून बघा.

डोक्यावरची जागा: पाठ टेकून ताठ बसा आणि डोक्यावर आडवी बोटं ठेवून छताला किती अंतर उरतं ते पाहा. चार बोटं म्हणजे उत्तम, दोन म्हणजे खड्ड्यात डोकं आपटायची शक्यता. आजकालच्या सेडानचं छत मागे उतरतं असतं. व्हर्नाचा देखणेपणा त्या उतारातच आहे आणि सहा फुटी माणसाच्या डोक्याला अडणारीही तीच गोष्ट. एसयूव्हीत पॅनोरमिक सनरूफ घेतलं की त्याच्या चौकटीपायी छत काही सेंटिमीटर खाली येतं, म्हणून जे व्हेरिएंट घ्यायचं त्यातच डोकं मोजा. सेडानमध्ये आणखी एक गोष्ट तपासायची. तिरकी मागची काच थेट डोक्यामागे येते आणि दुपारचं ऊन मानेवर पडतं. एसयूव्हीत काच डिकीच्याही मागे असते. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे मध्ये फिरणार असाल तर सेडानला मागच्या काचेचा पडदा आहे का, हा प्रश्न किरकोळ नाही.

तिघं बसणार का?

रुंदीबाबत सगळ्यात जास्त गैरसमज आहेत. व्हर्ना बाहेरून १७६५ मिमी रुंद, क्रेटा १७९०. फरक अडीच सेंटिमीटरचा, आणि आत आल्यावर दरवाजाच्या जाडीत तोही विरघळतो. चार मीटरच्या आतली नेक्सॉन १८०४ मिमी, म्हणजे दोघींपेक्षा रुंद. तेव्हा ‘एसयूव्ही आहे, तिघं आरामात बसतील’ यावर विसंबू नका. खांद्याच्या उंचीवर एका दरवाजाच्या अस्तरापासून दुसऱ्यापर्यंत टेप लावा. प्रौढ माणसाचे खांदे ४२ ते ४८ सेंमी रुंद असतात. तिघांना मिळून १३५ च्या आसपास लागतात. १३० च्या खाली गेलात तर एकाला खांदा तिरका करून, थोडं पुढे येऊन बसावं लागणार.

मधल्या माणसाचं दुखणं खांद्यापुरतं नसतं. पायापाशी तळाचा उंचवटा असतो. स्कोडाच्या स्लाव्हिया, कुशाक आणि फोक्सवॅगनच्या व्हर्टस, टायगून या चौघींत तो चांगलाच उंच आहे आणि मागची सीटही दोघांच्या आकाराने कोरलेली आहे. मागचे एसीचे व्हेंट ज्या खोक्यात असतात ते नेमकं मधल्याच्या गुडघ्यात येतं. पाठीमागे आर्मरेस्टची कडक घडी. मधल्याला तीन ठिकाणी बांधणारा पट्टा आणि स्वतःचं हेडरेस्ट आहे का तेही तपासा. खालच्या व्हेरिएंटमध्ये हेडरेस्ट गाळलेलं आढळतं.

खरी परीक्षा एकच: तिघांना बसवा, तिन्ही पट्टे लावायला सांगा आणि दहा मिनिटं उतरू देऊ नका. पट्ट्याची बक्कलं मांडीखाली गाडली गेली आणि ती शोधायला प्रत्येकाला अर्धवट उठावं लागलं, तर ही गाडी चौघांची आहे असं वहीत लिहा. त्यात कमीपणा काही नाही. चौघांच्या कुटुंबाला सेडानची मागची सीट बरेचदा त्याच किमतीच्या एसयूव्हीपेक्षा सुखाची निघते.

चढणं-उतरणं

घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर निर्णय बहुधा इथेच होतो. रस्त्यापासून मागच्या सीटच्या कडेपर्यंत टेप उभी धरा. सेडानमध्ये हे माप ५० सेंमीच्या आसपास येतं, मधल्या आकाराच्या एसयूव्हीत ६० ते ७०, आणि चौकटीवर बांधलेल्या गाड्यांत त्याहून बरंच वर. गुडघे दुखणाऱ्याला सेडानमधून उठताना त्रास होतो, कारण सगळं वजन वाकलेल्या गुडघ्यांवर उचलावं लागतं. उंच गाडीत उलटी अडचण: ठेंगण्या बाईला पाय उंबरठ्यावर ठेवून अक्षरशः चढावं लागतं, आणि उतरताना पाय जमिनीला लागण्याआधीच सीट सुटते.

घरातल्या ज्या खुर्चीवरून आजी हाताचा आधार न घेता उठतात, तिची उंची मोजून न्या. गाडीची सीट तिच्यापेक्षा दहा ते वीस सेंटिमीटर वर असेल तर जमण्यासारखं आहे. बहुतेकांसाठी हा आकडा ५५ ते ६५ च्या दरम्यान पडतो. त्या उंचीवर पाठमोरं उभं राहून आधी टेकता येतं आणि मग पाय आत घेता येतात. वयस्कर माणसाने गाडीत बसायची सोपी रीत हीच.

सीटच्या उंचीइतकाच उंबरठा महत्त्वाचा. त्याची जमिनीपासूनची उंची मोजाच, पण रुंदीही मोजा. रुंद उंबरठा ओलांडताना पाय लांब टाकावा लागतो आणि साडीची किनार त्यावर घासते. पावसाळ्यात उंबरठ्यावर चिखल साचतो. काही गाड्यांचा दरवाजा खालपर्यंत येऊन उंबरठा झाकतो, काहींचा वरच थांबतो. दरवाजा बंद करून खाली वाकून बघा, लगेच कळेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी तर हे बघायलाच हवं.

मधला खांब आणि मागच्या सीटची पुढची कड यांच्यात पाऊल बाहेर काढायला फट असते. ती २५ सेंमीपेक्षा कमी असेल तर बूट अडकतो आणि पाय फिरवून काढावा लागतो. छताजवळची हाताची कडी मागच्या दोन्ही बाजूंना आहे का? सेडानमध्ये आत शिरताना मान किती वाकवावी लागते? पायरी लावून देतो असं शोरूमवाले म्हणतील. पायरी अर्ध पाऊल मावण्याइतकी रुंद असेल तरच तिचा उपयोग. नुसती नळी लावली तर उतरताना तिच्यावरूनच पोटरी आणि साडी घासत जाते.

एवढं झालं की दरवाजा तुमच्या पार्किंगमध्ये जेवढा उघडतो तेवढाच उघडा, समजा ५० सेंमी, आणि आता सगळ्यांना पुन्हा चढा-उतरायला सांगा. शोरूमच्या मोकळ्या फरशीवर चांगली वाटलेली गाडी इथे बाद होऊ शकते. पुण्या-मुंबईत मेकॅनिकल स्टॅक पार्किंग, म्हणजे यंत्राने गाड्या एकावर एक ठेवायची सोय, असेल तर आणखी एक प्रश्न सोसायटीला विचारून ठेवा: तुमच्या कप्प्याची उंची आणि वजनाची मर्यादा किती? कित्येक ठिकाणी खालचे कप्पे १५५० मिमीच्या आसपासच्या उंचीचे, म्हणजे सेडानपुरतेच असतात. १६३५ ची क्रेटा तिथे शिरणारच नाही, मग सीट कितीही चांगली असो.

बाळाची सीट

बाळाचं तोंड मागच्या काचेकडे ठेवून बसवायची लहान बाळाची सीट लांबीला बरीच जागा खाते आणि पुढच्या सीटला दाबते. ती मागे लावा, आयसोफिक्सच्या (बाळाची सीट अडकवायला गाडीतच दिलेल्या) कड्यांत अडकवा आणि मग पुढे बसून बघा: गुडघे डॅशबोर्डला लागतात का? उंचीचा फायदा इथे एसयूव्हीला पूर्ण मिळतो. बाळाला आत ठेवताना वाकावं लागत नाही, छताला डोकं आपटत नाही. दिवसातून चार वेळा हे करणाऱ्या आईच्या कमरेला त्याचं मोल कळतं.

गादी आणि पाठ

मऊ गादीवर भाळू नका. पहिल्या पाच मिनिटांत जी सीट सोफ्यासारखी वाटते तिचा फोम तासाभराने बसतो आणि खालचा कडकपणा टोचायला लागतो. मूठ गादीच्या मध्यावर जोरात दाबा. हाताला खालचा सांगाडा लागला तर फोम पातळ आहे. चांगली गादी पहिल्यांदा थोडी कडकच वाटते. त्यामुळे बसून लगेच मत देऊ नका. वीस मिनिटं बसा, सेल्समनचं बोलणं तिथेच ऐका.

पाठीचा फुगवटा पट्ट्याच्या, म्हणजे कमरेच्या, उंचीवर यायला हवा. तो वर आला तर पाठ पुढे ढकलली जाते, अगदीच नसला तर माणूस पोक काढून बसतो. पाठीचा कल मोबाइलमधल्या लेव्हलच्या अॅपने मोजता येतो. उभ्या रेषेपासून २५-२८ अंश बहुतेकांना सोयीचा वाटतो. क्रेटा, सेल्टॉससारख्या एसयूव्हींत मागची पाठ दोन टप्प्यांत मागे जाते. सेडानमध्ये पाठीमागे डिकीची भिंत असल्याने हे क्वचितच मिळतं, मात्र तिथे मूळ कलच जास्त दिलेला असतो. जे ठरलेलं आहे ते तुमच्या पाठीला मानवतं का, एवढंच बघायचं. मागच्या सीटची हेडरेस्ट वर सरकत नसतील तर उंच माणसाच्या मानेत ती मध्येच टोचतात. बसून मान मागे टाकून बघा.

काळ्या लेदरेटवर उन्हाळ्यात घाम येतो, कापडावर कमी. हवा खेळणाऱ्या व्हेंटिलेटेड सीट बहुतेक वेळा फक्त पुढच्या दोघांना असतात. मागच्यांच्या नशिबी एसीचे व्हेंट. आणि एसी लावून पंधरा मिनिटांत मागे गार होतं का, हे पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीतच कळतं.

तिसरी रांग

सात सीटची एसयूव्ही घेण्याआधी तिसऱ्या रांगेत मुलाला नको, स्वतःला बसवा. तिथे तळ आणखी वर येतो आणि गुडघे हनुवटीकडे जातात. सीट मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असल्याने खड्ड्याचा दणकाही तिथेच सगळ्यात जास्त. वयस्कर माणसाची ती जागा नव्हे. तिन्ही रांगा उभ्या असताना डिकी किती उरते तेही बघा: एर्टिगात २०९ लिटर, कॅरेन्समध्ये २१६, अल्काझारमध्ये १८०. सात माणसं गणपतीला गावी निघाली की सामान कॅरिअरवर. खरोखर सहा-सात जण नियमित जात असतील तर २८५० मिमी व्हीलबेसची इनोव्हा हायक्रॉस किंवा २७४० ची एर्टिगा अशा लांब, सपाट तळाच्या गाड्या बघा. चढ्या बॉनेटच्या एसयूव्हीपेक्षा त्या रुबाबाला कमी आणि बसायला जास्त.

डिकी

कंपन्यांचे लिटर बहुधा २०० × १०० × ५० मिमीचे एक लिटरचे ठोकळे भरून मोजलेले असतात. प्रश्न असतो तो ठोकळे मागच्या पट्टीपर्यंत, म्हणजे डिकीवरच्या आडव्या फळीपर्यंत, भरले की छतापर्यंत, याचा. पट्टीपर्यंतच तुलना करा. स्लाव्हिया ५२१ लिटर, कुशाक ३८५. व्हर्ना ५२८, क्रेटा ४३३. इथे सेडान सरळ जिंकते. तिचं तोंड मात्र बुटकं असतं, म्हणून तुमची मोठी बॅग आडवी जाते का आणि झाकणाचे वाकडे बिजागर बंद होताना बॅगेवर टेकतात का ते पाहा. एसयूव्हीत उंच सामान उभं राहतं, पण पट्टीच्या वर रचलेली बॅग करकचून ब्रेक मारल्यावर मागच्यांच्या डोक्यावर येते. आणि सुके बोंबील किंवा सोडे गावाहून आणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, सेडानची डिकी केबिनपासून वेगळी असते. एसयूव्हीत वास मुंबईपर्यंत सोबत करतो.

सीएनजी घेताना डिकी उघडल्याशिवाय पैसे देऊ नका. एका मोठ्या सिलिंडरने ती जवळपास संपते. टाटाच्या गाड्यांत दोन छोटे सिलिंडर तळाशी ठेवल्याने बरीच वाचते. हायब्रिडमध्येही बॅटरी काही भाग खाते.

चालती गाडी

टेस्ट ड्राइव्हला एकाने चालवावी आणि बाकीच्यांनी मागे बसावं. अर्ध्या रस्त्यानंतर जागा बदला. निघण्याआधी टायरमधली हवा दरवाजाच्या खांबावरच्या तक्त्याप्रमाणे आहे का ते बघायला सांगा. हवा जास्त असली तर चांगली गाडीही दगडासारखी आदळते. अर्धा तास तरी हवा, आणि रस्त्यात पेव्हर ब्लॉक, सलग स्पीडब्रेकर, काँक्रीटचे सांधे आणि वळणं असावीत. सेल्समन नेतो त्या गुळगुळीत फेरीत सगळ्याच गाड्या सारख्या.

मागे बसून खिडकीच्या चौकटीकडे बघा. खड्ड्यातून एकच चाक गेलं की उंच गाडीत डोकं डावी-उजवीकडे झुलतं. सेडानमध्ये माणूस खाली बसत असल्याने हे झुलणं कमी. घरात कोणाला गाडी लागत असेल तर कसारा, आंबोली, ताम्हिणी अशा घाटांत हा फरक उलटीच्या पिशवीपर्यंत जातो. उलट, मोठ्या खड्ड्यांच्या आणि कच्च्या रस्त्यावर सेडानचं पोट घासतं आणि लहान सस्पेन्शन लवकर तळाला लागतं. तिथे एसयूव्ही जास्त वेगातही निभावते. वर्षातले तुमचे बहुतेक किलोमीटर कोणत्या रस्त्यावर जातात, त्यावर हे सोडवा. चाकांचा आकारही बघा: सतरा-अठरा इंची चाकांवर रबराची जाडी कमी असल्याने बारीक खड्डे जास्त जाणवतात. सोळा इंची चाकांचं व्हेरिएंट दिसायला साधं आणि मागच्या सीटवर जास्त सुखाचं असू शकतं.

बुकिंगच्या आधी

टेस्ट ड्राइव्हची गाडी बहुधा सगळ्यात वरच्या व्हेरिएंटची असते. तुम्ही घेणार त्यात ड्रायव्हरच्या सीटची उंची बदलता येते का, मागे आर्मरेस्ट, व्हेंट आणि मधलं हेडरेस्ट आहे का, पाठ मागे जाते का, हे व्हेरिएंटच्या यादीत एकेक करून टिकमार्क करा आणि शक्य असेल तर स्टॉकयार्डातली तीच गाडी उघडून बसा. डिलिव्हरीच्या वेळी जाड फुगीर सीट कव्हर फुकट देतो म्हणाले तर आधी सीटच्या कडेला एअरबॅगची पट्टी शिवलेली आहे का ते बघा. तिच्यावरून साधं कव्हर चढवलं तर अपघातात एअरबॅग नीट उघडणार नाही. व्हेंटिलेटेड सीटवर कव्हर घातलं तर हवा बंद. आणि जाड कव्हर गादीचा आकारच बदलून टाकतं, म्हणजे टेपने घेतलेलं कुठलंच माप मग त्या सीटचं उरत नाही. कव्हर घालायचंच असेल तर एअरबॅगच्या बाजूला शिवण सुटणारं, पातळ आणि त्याच मॉडेलसाठी शिवलेलं घ्या.